जुन्या मालमोटारीच्या टाकीचें तोंड

जुन्या वस्तूंचा जीर्णोद्धार करण्याचा छंद असलेल्या माणसांच्या गप्पा ऐकल्या तर एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. घड्याळाचा शोकी चंद्याविषयीं बोलतो, ग्रामोफोनचा शोकी कर्ण्याविषयीं बोलतो, आणि मोटारीचा शोकी रंगाविषयीं नि इंजिनाविषयीं बोलतो. जो भाग डोळ्यांना दिसतो किंवा कानांना ऐकूं येतो त्याचें कौतुक होतें. परंतु जुन्या मोटारीच्या मालकाचा जीव ज्या भागांच्या हवालीं असतो, ते पुष्कळदां मुके व दृष्टीआडचे असतात. पेट्रोलच्या टाकीचें तोंड हा त्यांपैकींच एक. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे. जुन्या मालमोटारीच्या हौद्यांत पेट्रोल भरण्याचें नवें तोंड बसवावयाचें झाल्यास काय काय पाहावें लागतें, आणि तें कां पाहावें लागतें?

विषय ऐकून कोणी म्हणेल, ‘त्यांत काय मोठेंसें आहे? फळीला भोंक पाडावें, नळी जोडावी, झाकण लावावें, झालें काम!’ ही समजूत दूर व्हावी हाच या भाषणाचा हेतु आहे. टाकीचें तोंड म्हणजे एक भोंक नव्हे. तेथें चार वाटा एकत्र येतात. एक पेट्रोलला आंत जाण्याची, दुसरी हवेला ये-जा करण्याची, तिसरी पावसाच्या पाण्याला निघून जाण्याची आणि चौथी विजेला जमिनीच्या दिशेनें उतरण्याची. यांपैकीं पहिली वाट सर्वांना दिसते. बाकीच्या तीन दिसत नाहींत, आणि घात बहुधा त्या तिहींपैकींच एकींत होतो.

प्रथम ज्या गाडीविषयीं बोलावयाचें तिची ओळख करून घेऊं. पुढें दोघां-तिघांना बसण्यापुरती खोली आणि मागें माल ठेवण्यास उघडा हौदा, अशा हलक्या मालमोटारीला अमेरिकेंत पिकअप म्हणतात. आपल्या शेतकऱ्याच्या घरीं बैलगाडीचें जें स्थान असे, तेंच अमेरिकन शेतकऱ्याच्या घरीं या गाडीचें. शेव्हरोले हें नांव आपल्याकडेही अनोळखी नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. परंतु आजच्या विवेचनासाठीं आपण अमेरिकेंतील १९६७ ते १९७२ या सालांतील शेव्हरोले पिकअप डोळ्यांपुढें ठेवूं. नव्यानें उभी करण्यासाठीं तिकडील हौशी मंडळी जिच्यावर विशेष जीव टाकतात, त्या गाड्यांपैकीं ही एक होय.

या गाडींत पेट्रोलची टाकी बसण्याच्या खोलींतच, आसनाच्या पाठीमागें उभी केलेली असे. तिच्यांत सुमारें पाऊणशें लिटर पेट्रोल मावे, आणि तिचें तोंड चालकाच्या दाराच्या मागच्या बाजूस बाहेर निघे. या व्यवस्थेंत कांहीं सोयी निश्चित होत्या. टाकी उंचावर असल्यानें तिला रस्त्यावरील दगडगोटे लागत नसत व चिखलानें ती गंजत नसे. परंतु माणसाच्या पाठीला टेकून पाऊणशें लिटर पेट्रोल, ही कल्पनाच आज आपणांस दचकविते. टाकीचा एखादा सांधा झिरपूं लागला कीं, त्याची वाफ थेट खोलींत शिरणार. आणि अपघात झाला तर पुढचें सांगावयासच नको.

पुढें १९७३ सालच्या नव्या रचनेंत कंपनीनें टाकी खोलीबाहेर नेली. पण ती नेली चासीच्या लांब दांड्यांच्या बाहेरच्या अंगास. बाजूनें धडक बसल्यास टाकी फुटून आग लागते, असा या रचनेवर आक्षेप आला. अमेरिकन सरकारच्या वाहतूक-सुरक्षा खात्यानें १९९२ च्या अखेरीस चौकशी सुरू केली, आणि डिसेंबर १९९४ मध्यें कंपनीनें सुरक्षिततेच्या कार्यासाठीं पांच कोटींहून अधिक डॉलर देण्याचें कबूल केल्यावर ती मिटली. या इतिहासांतून घ्यावयाचा बोध असा कीं, टाकी नुसती हलविल्यानें सुरक्षितता येत नाहीं. ती कोठें हलविली आणि कशी जोडली यावर सारें अवलंबून असतें.

जीर्णोद्धार करणारे कारागीर आज बहुधा तिसरी जागा पसंत करतात. ती म्हणजे हौद्याच्या खालीं, मागच्या आंसाच्या पलीकडे, चासीच्या दोन दांड्यांच्या मधोमध. तेथें पूर्वीं जादा चाक टांगलेलें असे. त्याची सोय दुसरीकडे करावी लागते. दोन्ही बाजूंस पोलादी दांडे असल्यानें बाजूच्या धडकेपासून टाकीचा बचाव होतो. मागून बसणाऱ्या धडकेचा विचार मात्र करावाच लागतो. म्हणून टाकी दांड्यांच्या टोकापर्यंत न नेतां शक्य तितकी पुढें घ्यावी. टाकी तिथें गेली कीं प्रश्न उभा राहतो तो तोंडाचा. बसण्याच्या खोलीच्या बाजूला असलेलें जुनें तोंड आतां निरुपयोगी झालें. नवें तोंड काढावयाचें कोठें?

जागा दोन. एक, हौद्याच्या बाजूच्या पत्र्यांत. दुसरी, हौद्याच्या तळाच्या फळ्यांत. बाजूच्या पत्र्यांत तोंड काढल्यास पंपाची नळी सहज पोंचते, पावसाचें पाणी तोंडावर सांचत नाहीं आणि हौदा मालानें भरला असला तरी पेट्रोल घेतां येतें. सोयीच्या दृष्टीनें ही जागा उजवी, हें मान्य केलें पाहिजे. पण तिच्यासाठीं गाडीच्या बाहेरच्या मूळ पत्र्याला भोंक पाडावें लागतें, आणि तें भोंक त्या पत्र्याला जन्माचें चिकटतें. तळाच्या फळीचें तसें नाहीं. या गाड्यांच्या हौद्यांना बहुधा लाकडी तळ असे. सुमारें पाऊण इंच जाडीच्या फळ्या शेजारीं शेजारीं अंथरून त्यांच्या फटींवर पोलादी पट्ट्या दाबलेल्या असत. उद्यां गाडी मूळ रूपांत न्यावीशी वाटली तर एक फळी बदलली कीं काम भागतें. म्हणूनच ज्यांना जुन्या वस्तूचा मान राखावयाचा असतो, ते बाजूचा पत्रा अभंग ठेवून तळ पसंत करतात. मात्र एक अट आहे. हौद्यांत वाळू, खडी किंवा गवताच्या पेंढ्या भरून जो खरोखरीचा धंदा करणार असेल, त्यानें तळाच्या वाटेस जाऊं नये. नाहींतर पेट्रोल घेण्यासाठीं आधीं गाडी रिकामी करावी लागेल!

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. या कामांत क्रमाला फार महत्त्व आहे. आधीं टाकी चासीला पक्की बसवावी, मग हौदा तात्पुरता ठेवून पाहावा आणि त्यानंतरच तोंडाची जागा आंखावी. टाकीचें आपलें तोंड तिच्या वरच्या अंगास मध्यावर आहे कीं कडेला आहे, यावर हौद्यांतील जागा ठरते. म्हणून टाकी विकत घेतांनाच हें पाहून घ्यावें. हौद्याच्या तळाखालीं आडव्या तुळया असतात. त्यांच्यावर तोंड येतां कामा नये. तोंडाचें कडें दोन फळ्यांमधल्या पोलादी पट्टीवर न येतां एकाच फळीच्या मध्यावर यावें. पंपावर गाडी उभी असतां हौद्याच्या कडेवरून वाकून हात पोंचेल अशा बेतानें तें एका बाजूस असावें. आणि धुराड्याच्या नळीपासून तें जितकें दूर जाईल तितकें चांगलें. कारण चुकून सांडलेलें पेट्रोल फळ्यांच्या फटींतून खालीं उतरतें, आणि खालीं तापलेली नळी असेल तर त्याचा परिणाम काय होईल हें सांगावयास नको.

जागा ठरल्यावर पुठ्ठ्याचा नमुना कापून तो फळीवर ठेवून पाहावा. मग ती फळी काढून कामाच्या टेबलावर न्यावी व तेथें भोंक पाडावें. टाकी खालीं असतांना वरून बरमा चालविणें हें शुद्ध अविचाराचें काम होय. पाडलेल्या भोंकाच्या कडा कोऱ्या ठेवूं नयेत. लाकडाचा कापलेला तंतु पाणी शोषून घेतो आणि फळी तेथूनच कुजूं लागते. म्हणून कडेला दोन-तीन वेळां वारनीस पाजावें. कड्याखालीं पेट्रोलला टिकणारें पॅकिंग घालावें, आणि बोल्ट नुसते लाकडांत न आंवळतां फळीच्या खालच्या बाजूनें धातूची चकती घेऊन आंवळावे.

येथून आपल्या चार वाटांना सुरुवात होते. पहिली वाट पेट्रोलची. हौद्यांतील तोंडापासून टाकीपर्यंत जी नळी जाते ती बहुधा दोन इंच व्यासाची असते. तिला आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा उतार हवा. मध्यें कोठेंही तिचें पोट लोंबतां कामा नये. तसें पोट राहिलें कीं त्यांत पेट्रोल सांचतें, वाट बुजते आणि पंपाची नळी पुनःपुन्हां खट्दिशी बंद पडूं लागते. पंपाची नळी आपोआप बंद कशी पडते, हें पुष्कळांना कोडें वाटतें. तें येथें उलगडून सांगितलें पाहिजे. नळीच्या टोकाशीं एक लहानसें छिद्र असतें, आणि तेथून एक बारीक नलिका मुठीपर्यंत गेलेली असते. पेट्रोल वेगानें वाहूं लागलें कीं तें आपल्या ओघाबरोबर त्या नलिकेंतील हवा ओढून घेतें. जोंपर्यंत टोकाचें छिद्र मोकळें असतें तोंपर्यंत ओढलेल्या हवेच्या जागीं दुसरी हवा येत राहते. टाकी भरून पेट्रोल छिद्रापर्यंत चढलें कीं हवेचा पुरवठा तुटतो, नलिकेंत निर्वात स्थिति उत्पन्न होते, आंतील पडदा ओढला जातो आणि झडप मिटते. आतां लक्षांत येईल कीं, नळींत पेट्रोल तुंबून वर उसळलें तर छिद्र वेळेपूर्वींच बुडतें आणि टाकी अर्धी रिकामी असतांनाही पंप बंद पडतो. मालक पंपाला बोल लावतो. पण अपराध बहुधा उताराचा असतो.

ही नळी रबरीच कां हवी? लोखंडी नळी जास्त टिकाऊ नव्हे काय? याचें उत्तर गाडीच्या रचनेंतच आहे. टाकी चासीला बांधलेली आणि तोंड हौद्याला बांधलेलें. रस्त्याच्या खांचखळग्यांतून जातांना चासी एका रीतीनें पिळते व हौदा दुसऱ्या रीतीनें हलतो. दोघांना ताठ नळीनें एकमेकांशीं जखडलें तर कालांतरानें सांध्याला चीर पडणारच. म्हणून मधला दुवा लवचिक पाहिजे. पण लवचिक म्हणजे हातीं लागेल तें रबर नव्हे. इंजिनाचें पाणी नेणारी जाड रबरी नळी दिसावयास अगदी तशीच असते, आणि पेट्रोलला लावल्यास ती फुगते, मऊ पडते व अखेर फुटते. पेट्रोल भरण्यासाठींच बनविलेली आणि तसा छाप असलेली नळी घ्यावी. यांत आतां इथेनॉलची भर पडली आहे. अमेरिकेंत पेट्रोलमध्यें दहा टक्के इथेनॉल सर्रास असतें. आपल्या देशानें तर वीस टक्क्यांचें उद्दिष्ट २०२५ सालीं गांठलें. जुन्या गाड्यांतील रबर या मिश्रणासाठीं बनविलेलें नव्हतें. म्हणून ज्यांच्या घरीं वडिलार्जित जुनी मोटार आहे त्यांनीं, टाकी हलवावयाची नसली तरी, पेट्रोलच्या साऱ्या रबरी नळ्या एकदां तपासून घ्याव्या.

दुसरी वाट हवेची. रिकामी टाकी खरोखर रिकामी नसते. ती हवेनें व पेट्रोलच्या वाफेनें भरलेली असते. जितकें पेट्रोल आंत जाईल तितकीच हवा बाहेर आली पाहिजे. अमेरिकेंत पंपाचा वेग मिनिटास १० गॅलन, म्हणजे सुमारें ३८ लिटर, याहून अधिक नसावा असा नियम आहे. म्हणजे त्या वेगानें भरतांना एका मिनिटांत ३८ लिटर हवा टाकीबाहेर पडावयास पाहिजे. तिला स्वतंत्र वाट न दिली तर ती पेट्रोलच्याच नळींतून उलट वर येऊं पाहते. अरुंद तोंडाची बाटली पाण्यांत बुडवितांना जी गटगट होते, तीच येथें होते, आणि पेट्रोलचा फवारा भरणाऱ्याच्या हातावर उडतो. म्हणून टाकीच्या माथ्यापासून तोंडाच्या गळ्यापर्यंत दुसरी एक बारीक नळी, अर्धा-पाऊण इंचाची, न्यावी लागते. तिलाही एकसारखा चढ हवा आणि कोठेंही पोट नको.

भरणें संपलें म्हणून हवेचा प्रश्न संपत नाहीं. इंजिन पेट्रोल ओढूं लागलें कीं टाकींत हवा शिरली पाहिजे; नाहींतर टाकींत निर्वात होऊन इंजिन उपाशीं मरतें, कधीं टाकीचा पत्राही आंत दबतो. उलट उन्हांत पेट्रोल फुगतें. ६० लिटर पेट्रोलचें उष्णतामान २० अंशांनीं वाढलें तर त्याचें आकारमान एक लिटराहून अधिक वाढतें. त्या वाढीस जागा हवी आणि वाफेस वाटही हवी. पूर्वींच्या गाड्यांत पुष्कळदां झाकणालाच बारीक छिद्र असे. हौद्याच्या तळांतील तोंडाला तसें झाकण लावूं नये. कारण तें आडवें असतें, त्यावर पाणी सांचतें आणि टाकी थंड होतांना तें पाणी आंत ओढलें जातें. येथें झाकण घट्ट असावें व श्वासाची नळी वेगळी काढावी. त्या नळींत एक विशेष झडप बसवितात. गाडी दुर्दैवानें उलटली तर ती झडप आपोआप मिटते व पेट्रोल बाहेर वाहूं देत नाहीं. ती किंमतीनें लहान असते. आणि गाडी उलटल्यावर ती मागाहून बसवितां येत नसते.

तिसरी वाट पाण्याची. हौदा उघडा असतो. पाऊस, धूळ, पालापाचोळा सर्व कांहीं त्यांत पडतें. तोंड तळाशीं अगदी समपातळींत बसविलें तर दिसावयास सुंदर दिसतें, परंतु भोंवतालचें सारें पाणी तेथेंच धांव घेतें. यावर उपाय दोन. एक तर कड्याची कड तळाहून किंचित उंच ठेवावी. किंवा तोंड एका लहान वाटीच्या आकाराच्या खळग्यांत बसवून त्या खळग्याला पाणी बाहेर नेणारी बारीक नळी जोडावी. या दुसऱ्या युक्तींत दुहेरी लाभ आहे. भरतांना सांडलेलें पेट्रोलही त्याच नळीवाटें धुराड्यापासून दूर नेऊन जमिनीवर सोडतां येतें, फळ्यांत मुरत नाहीं. पाण्याचा हा प्रश्न किरकोळ समजूं नये. इथेनॉल पाण्याला आपल्यांत सामावून घेतें. पण पाण्याचें प्रमाण वाढलें कीं दोघें मिळून पेट्रोलपासून वेगळीं होतात व टाकीच्या तळाशीं थर धरून बसतात. तो थर इंजिनापर्यंत पोंचला कीं गाडी चालत नाहीं, आणि टाकीला गंज चढतो तो वेगळाच.

चौथी वाट विजेची. तीच सर्वांत कमी माहितीची आणि सर्वांत घातक असल्यानें तिच्याजवळ थोडें अधिक थांबूं. हिंवाळ्याच्या दिवसांत लोकरीचा सदरा काढतांना जी चिडचिड ऐकूं येते, ती घर्षणानें उत्पन्न झालेली स्थिर वीज. पेट्रोल नळींतून वेगानें वाहतांना तशीच वीज निर्माण होते. टाकी, नळी आणि तोंड हे सर्व धातूचे असून एकमेकांस जोडलेले असले तर ही वीज गाडीच्या अंगावर पसरून निघून जाते व कोठें एके जागीं सांचत नाहीं. जुन्या गाडींत तोंड खोलीच्या पत्र्याला लागलेलें असे. वेगळी काळजी घेण्याची गरज पडत नसे. आतां आपण काय केलें पाहा. तोंडाचें कडें धातूचें, पण तें बसविलें लाकडाच्या फळीवर. त्याच्या खालीं पॅकिंग, आणि त्याच्यापासून टाकीपर्यंत रबरी नळी. म्हणजे चहूंकडून विजेची वाट बंद करून आपण धातूचा एक तुकडा एकाकी ठेवला. अशा एकाकी तुकड्यावर वीज सांचते, आणि पंपाची धातूची नळी त्याच्याजवळ आली कीं ठिणगी होऊन उडी घेते. ती उडी नेमकी कोठें पडते? जेथें पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण तयार असतें, त्याच ठिकाणीं.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेंतील व्यावसायिक सुरक्षिततेच्या राष्ट्रीय संस्थेनें १९९८ सालीं अशाच एका धोक्याची जाहीर सूचना दिली. पिकअपच्या हौद्यांत प्लास्टिकचें अस्तर घालण्याची चाल पडली होती, आणि लोक पेट्रोलचे डबे त्या अस्तरावर तसेच ठेवून भरीत. डबा प्लास्टिकवर असल्यानें त्याच्यावरील वीज जमिनींत उतरूं शकत नसे, ठिणगी पडे आणि भडका उडे. डबा खालीं जमिनीवर ठेवून भरावा, असें त्या संस्थेनें बजावलें. आपल्या लाकडी हौद्यांतील तोंडाचें कडें आणि प्लास्टिकवरचा तो डबा यांत तत्त्वतः कांहींच भेद नाहीं. पेट्रोलची वाफ पेटावयास मोठी ज्वाला लागत नाहीं. हाताला जेमतेम जाणवेल एवढी ठिणगीही पुरते.

उपाय मात्र अगदी स्वस्त आहे. तोंडाच्या धातूच्या गळ्यापासून चासीपर्यंत एक तांब्याची तार जोडावी. तारेच्या दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून धातू उघडा करावा, बोल्ट आंवळावा आणि मग वरून गंज न चढेल असें कांहीं लावावें. रंगावर तार आंवळणें म्हणजे न जोडण्यासारखेंच आहे. टाकी रबरी पट्ट्यांवर बसविली असेल तर तिच्यापासूनही अशीच तार काढावी. काम झाल्यावर विजेच्या मीटरनें तोंड व चासी यांमधील वाट तपासावी. मीटरचा आंकडा शून्याच्या अगदी जवळ आला पाहिजे. सबंध कामांत या तारेइतकी कमी किंमतीची वस्तु दुसरी नाहीं, आणि जी विसरली असतां एवढी किंमत द्यावी लागेल अशीही दुसरी नाहीं.

काम करतांना पाळावयाचे कांहीं नियम आतां थोडक्यांत सांगतों. पेट्रोलची वाफ हवेहून तिपटी-चौपटीनें जड असते. ती वर उडून जात नाहीं. जमिनीलगत सरपटत जाते आणि दूर कोपऱ्यांतील शेगडीपर्यंतही पोंचते. म्हणून जुनी टाकी उघड्यावर रिकामी करावी, बंद मोटारखान्यांत करूं नये. बॅटरीच्या तारा आधीं सोडाव्या. रिकाम्या जुन्या टाकीला झाळण्याची भट्टी किंवा कानस-यंत्र लावण्याचा मोह कोणींही धरूं नये. भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी अधिक भयंकर, कारण तिच्यांत वाफ आणि हवा दोन्ही असतात. काम पुरें झाल्यावर एकदम टाकी न भरतां पांच-पांच लिटर पेट्रोल ओतावें, प्रत्येक सांधा पाहावा, मग पूर्ण भरून गाडी एक रात्र उभी ठेवावी व सकाळीं खालची जमीन तपासावी. कोरडी जमीन हेंच या कामाचें प्रशस्तिपत्र होय.

आणखी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. खोलीच्या बाजूचें जुनें तोंड व झाकण शोभेसाठीं तसेंच ठेवण्याची कित्येकांना हौस असते. मूळ रूप राखण्याची ती इच्छा समजण्यासारखी आहे. पण मालक जवळ नसतांना पंपावरील नोकर ओळखीच्या जागीं दिसणारें तें झाकण उघडील आणि ज्या टाकीचें अस्तित्वच उरलें नाहीं तिच्यांत पेट्रोल सोडील. तें पेट्रोल सरळ बसण्याच्या खोलींत, आसनामागें वाहील! झाकण ठेवावयाचें असेल तर तें आंतून कायमचें जखडून टाकावें, आणि त्यामागील भोंक पत्र्यानें बुजवावें.

भारतांत अशा कामास हात घालणाऱ्यांनीं कायद्याचाही विचार करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ कारखानदारानें दिलेल्या वर्णनाशीं जुळेनासा होईल असा बदल गाडींत करण्यास मनाई आहे. तेव्हां बदल करण्यापूर्वीं परिवहन खात्याकडे विचारणा करणें शहाणपणाचें. शिवाय काढलेली मूळ फळी, जुनी टाकी व तिचें तोंड यांवर चिठ्ठी लावून ते जपून ठेवावे, आणि नव्या नळ्या व तारा कोठून कोठें गेल्या आहेत याचा एक कागदी आराखडा गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. जुनी गाडी आपल्या आधीं दुसऱ्या कोणाची होती आणि आपल्यानंतर तिसऱ्या कोणाची होणार आहे. त्या तिसऱ्या माणसाला हौद्याखालीं काय दडलें आहे हें कळलें पाहिजे. कारण रबर त्याच्या काळांतही जुनें होईल, बोल्ट त्याच्याही काळांत सैल पडतील, आणि ती तांब्याची तार तुटली आहे कीं शाबूत आहे हें पाहण्याचें काम त्याच्याकडे जाईल.